नाही म्हणणारी माणसं

नट किती मोठा आहे हे स्टेज मॅनेजरला फार उशिरा कळतं. त्याआधी कळतं ते एवढंच, की तो वेळेवर येतो का, तलवार परत जागेवर ठेवतो का, आणि अंगात कणकण असेल तर दुपारीच फोन करून सांगतो का. अमेरिकेत पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहानशा शेक्सपिअर कंपनीत मी बरीच वर्षं हे काम करते आहे. माणसं ओळखण्याची माझी रीत या कामानं घडवली.

कनेटिकट नदीच्या खोऱ्यातलं आमचं गाव छोटं. जूनमध्ये गावच्या मालकीच्या एका गवताळ उतारावर लाकडी रंगमंच उभा राहतो, मागे दोन तंबू लागतात, एकात कपडेपट आणि दुसऱ्यात रंगभूषा. प्रेक्षक घडीच्या खुर्च्या, चादरी, डासांचं मलम आणि रात्रीचं जेवण बरोबर घेऊन येतात. नट दहा-बारा. त्यांतले एक-दोन 'ॲक्टर्स इक्विटी' या नटांच्या संघटनेचे सभासद, त्यांना करारानं पगार मिळतो. बाकीचे कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, नाहीतर वर्षभर गावात शिक्षक, परिचारिका, दुकानदार म्हणून राबणारे. जवळच लेनॉक्समध्ये टीना पॅकर यांनी १९७८ साली सुरू केलेली 'शेक्सपिअर अँड कंपनी' आहे. आमचे काही नट तिथे शिकून आलेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात जोसेफ पॅप यांच्या खटपटीतून १९६२ साली डेलाकोर्ट थिएटर उभं राहिलं, त्याच्याबद्दल तर आमच्याकडे सगळे आदरानं बोलतात. आमचा पसारा मात्र एका कंटेनरमध्ये मावतो. चार आठवडे तालीम, चार-पाच आठवडे प्रयोग, आणि ऑगस्ट सरता सरता त्या उतारावर पुन्हा नुसतं गवत.

छोट्या कंपन्या शेक्सपिअरच का करतात, असं सांगलीहून फोनवर मला अनेकांनी विचारलं. भक्ती हे एक कारण आहेच. दुसरं कारण साधं आहे. त्याच्या नाटकांवर कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे प्रयोगागणिक मानधन द्यावं लागत नाही. हल्लीच्या लेखकाचं नाटक केलं, तर दर प्रयोगाला पैसे मोजावे लागतात. शिवाय ही नाटकं मुळात दिवसाउजेडी, उघड्या छपराच्या नाटकघरांत, फारसं नेपथ्य नसताना खेळली गेली. रात्र झाली हे नट बोलून सांगतो, जंगल आलं हेही तोच सांगतो. ज्या कंपनीकडे पैसे नाहीत तिला याहून मोठा आधार कोणता?

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीतास्वयंवर' उभं केलं ते आमचं गाव, आणि 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. त्यामुळे शेक्सपिअर मला कधी परका वाटला नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांत मी प्रॉम्प्टिंग केलं, प्रॉपर्टी सांभाळली, घंटा दिल्या. तिथलं वातावरण मला मनापासून आवडायचं. तिसऱ्या घंटेला पाच मिनिटं असताना कुणीतरी धापा टाकत दाराची चौकट घेऊन यायचं आणि पडदा उघडायचा. 'कसं होणार?' या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर असायचं, 'होऊन जाईल.' आणि व्हायचंही. त्यामागे कुणाचे किती हाल झाले, कोण आजारी असताना उभं राहिलं, कुणाच्या घरी कोणतं आजारपण तसंच राहून गेलं, याचा हिशोब कुणी ठेवत नसे. नाही म्हणणारा माणूस नाटकाचा नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

इथे आल्यावर पहिली काही वर्षं मला तेच वारं दिसलं. मग एका उन्हाळ्यात एका माणसाचं जे झालं, त्यानं सगळी कंपनी बदलली.

तो दिव्यांचं बघायचा. अतिशय हुशार आणि कुणालाही हवाहवासा वाटेल इतका मदतीला तत्पर. जनरेटर बिघडला की तो, ध्वनीची केबल कमी पडली की तो, गाड्या कुठे लावायच्या हे ठरवायलाही तोच. दर बैठकीत त्याच्या नावापुढे एक काम वाढायचं आणि दर वेळी तो हसून मान डोलवायचा. पहिल्या प्रयोगाला तीन दिवस उरले असताना तो आलाच नाही. फोन बंद. दिग्दर्शिका आणि मी त्याच्या घरी गेलो, तर तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला. समोर आमच्याच कामांच्या याद्या पसरलेल्या, आणि त्यांतलं निम्मंसुद्धा झालेलं नव्हतं. तो आमच्याकडे बघेना. दिग्दर्शिकेनं त्या याद्या उचलल्या, घडी करून खिशात घातल्या आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. त्या वर्षीचे पहिले तीन प्रयोग आम्ही चार साध्या फ्लडलाइटवर केले.

पुढच्या वर्षी पहिल्या वाचनाला दिग्दर्शिकेनं एक नवी प्रथा सुरू केली. संहिता उघडण्याआधी सगळे गोल बसतात आणि जो-तो या उन्हाळ्यात आपल्याकडून काय होणार नाही ते सांगतो. 'मंगळवारी मला मुलाला आणायचं असतं, सहाच्या आधी जमणार नाही.' 'शिडीवर चढणार नाही, चक्कर येते.' 'मोठ्यानं रडायचं दृश्य या वर्षी नको, वडील नुकतेच गेलेत.' मी ते सगळं वहीत लिहून घेते. कारण विचारायचं नाही आणि समजूतही घालायची नाही, एवढाच नियम. पहिल्या वर्षी लोक अवघडले होते. दुसऱ्या वर्षी मात्र माणसं विचार करून येऊ लागली. मला आधी वाटलं होतं की अशानं अंगचोरपणा वाढेल. झालं उलटंच. जे नाही म्हटलं नव्हतं ते सगळं होणार, याचा भरवसा पहिल्यांदा मिळाला, आणि त्या भरवशावर वेळापत्रक बांधता आलं.

स्टेज मॅनेजरचं काम म्हणजे तरी काय, तर कुणावर किती भार टाकता येईल याची नोंद. शेक्सपिअरच्या काळीही हे काम करणारा माणूस होता. नटांना पूर्ण नाटक मिळत नसे. फक्त स्वतःची वाक्यं आणि त्यांच्या आधीचे दोन-चार शब्द एवढंच हातात पडे. अख्खं पुस्तक एकाच माणसाकडे असायचं. रंगमंचामागे एक मोठा कागद टांगलेला असे, त्यावर कोणत्या प्रवेशात कुणी, काय घेऊन आत जायचं ते लिहिलेलं. असे काही कागद टिकून राहिले आहेत, त्यांतला एक लंडनच्या डलविच कॉलेजच्या संग्रहात आहे. त्याचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मी चकित झाले, कारण तसाच कागद मी आमच्या तंबूच्या खांबाला चिकटवते. दहा-बारा जणांत 'ज्युलियस सीझर'ची चाळीसएक पात्रं भागवायची, तर पहिल्या अंकातला चांभार तिसऱ्या अंकात कटवाला आणि पाचव्यात सैनिक असतो. कोण कोणत्या बाजूनं बाहेर पडतो आणि किती सेकंदांत कपडे बदलून दुसऱ्या बाजूनं येतो, हे त्या कागदावर नसेल तर सीझरला मारायलाच माणसं कमी पडतील.

कपडेपट सांभाळणारी बाई पूर्वी शाळेत शिवण शिकवायची. तिच्या तंबूत शिरलं की दारूचा वास येतो. जुलैच्या उकाड्यात लोकरी आणि मखमली कपडे रोज घामानं भिजतात आणि रोज धुता येत नाहीत. म्हणून ती स्वस्तातली व्होडका फवाऱ्याच्या बाटलीत भरते आणि प्रयोग संपला की प्रत्येक कपडा उलटा करून काखेत, पाठीवर, गळ्याशी फवारते. स्पिरिट उडून जातं आणि वास घेऊन जातं. सगळीकडच्या नाटकमंडळींची ही युक्ती आहे. रात्री अकरा वाजता नट गाड्यांत बसून निघून जातात, तेव्हा ती टॉर्च दातांत धरून हे करत असते. घाईनं बदलायच्या कपड्यांना ती बटणं वरून शिवते आणि खाली वेल्क्रो लावते. दोन वर्षांपूर्वी तिनं सांगितलं की यापुढे एका नाटकात बारापेक्षा जास्त नवे पोशाख शिवणार नाही, बोटांचे सांधे धरतात. दिग्दर्शिकेनं त्या वर्षी राजदरबार रद्द केला आणि सगळं नाटक एका जहाजी गावात नेलं, जिथे जुनी जाकिटं आणि गमबूट चालून जातील. ते नाटक आमच्या सर्वांत देखण्या नाटकांपैकी एक झालं, असं माझं मत आहे.

पण या सगळ्यांत जो माणूस माझ्या मनात कायमचा राहिला, तो आमचा सर्वांत जुना नट.

त्या वर्षी 'ॲज यू लाइक इट' होतं आणि त्याच्याकडे जेक्विस होता. त्या नाटकात माणसाच्या सात अवस्थांचं जे प्रसिद्ध भाषण आहे, ते जेक्विसचं. सत्तरी ओलांडलेल्या या नटाच्या आवाजात ते ऐकायला गाव उत्सुक होतं. पोस्टरवर त्याचाच चेहरा होता. तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटांच्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला. संघटनेच्या नियमाप्रमाणे ऐंशी मिनिटं तालीम झाली की दहा मिनिटं सुट्टी द्यावी लागते, आणि लोकांना जे सांगायचं असतं ते त्या दहा मिनिटांतच बाहेर येतं. त्यानं त्याची संहिता माझ्या हातात दिली. जिथे जिथे शब्द निसटला तिथे त्यानं शिसपेन्सिलीनं बारीक रेघ ओढली होती. दर वेळी एक रेघ. काही ओळींच्या कडेला इतक्या रेघा होत्या की समास करडा पडला होता. तो म्हणाला, 'हे मी तीन आठवडे घरी करतोय. बायको वाचते, मी म्हणतो. रेघा कमी होत नाहीत. आता सांगितलं तर तुम्हाला वेळ आहे, पुढच्या आठवड्यात नसेल.' मग म्हणाला, 'मला ॲडम द्या.'

ॲडम हा त्या नाटकातला ऐंशीच्या घरातला म्हातारा नोकर. त्याला वाक्यं थोडी आहेत आणि दुसऱ्या अंकानंतर तो दिसतच नाही.

दिग्दर्शिका बराच वेळ गप्प राहिली. त्याला जपत होती की पोस्टरचा विचार करत होती, मला माहीत नाही. मग तिनं एकच विचारलं, 'मंडळींना कोणी सांगायचं?' तो म्हणाला, 'मीच, आणि आत्ताच.' सुट्टी संपल्यावर त्यानं उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं आणि ॲडमची पहिली जागा कुठे आहे ते मला विचारून तिथे जाऊन उभा राहिला. जेक्विस एका तरुण मुलीला मिळाला. ती दोन फुटकळ भूमिका करत होती. तो तिला रोज अर्धा तास द्यायचा, पण अभिनय दाखवायचा नाही. श्वास कुठे घ्यायचा तेवढंच सांगायचा.

ज्यांनी नाटक वाचलं आहे त्यांना आठवत असेल की ते भाषण कशावर संपतं. शेवटची अवस्था म्हणजे दात, डोळे, चव, सगळं हरवलेला म्हातारा. आणि भाषण संपतं न संपतं तोच ऑर्लॅंडो दमलेल्या ॲडमला उचलून आत घेऊन येतो. आमच्या प्रयोगात ती मुलगी शेवटचा शब्द बोलायची, आणि अंधारातून त्या उंच माणसाला कवेत घेतलेला पोरगा यायचा. उचलणं सोपं नव्हतं. हाणामारीची दृश्यं बसवणाऱ्या मुलीनं ते तलवारबाजीइतक्याच काळजीनं बसवलं, वजन कधी कुठल्या पायावर घ्यायचं, उतरवताना गुडघा कुठे टेकायचा. रोज प्रयोगाआधी तलवारींचे हात आधी संथ, मग नेहमीच्या वेगानं करून बघतात, तसंच हेही रोज करून बघितलं जायचं. त्या जागेला प्रेक्षकांत इतकी शांतता व्हायची की मला झाडीतले रातकिडे ऐकू यायचे. पुस्तकावर बोट ठेवून मी पुढच्या ओळीची वाट बघत असे आणि दर रात्री माझा गळा दाटून येई. त्यानं चार शब्द गाळत, अडखळत ते भाषण रेटलं असतं तर गावानं प्रेमानं टाळ्या वाजवल्या असत्या. पण हे त्यांना दिसलं नसतं.

पैशांबाबत असाच कस एका बाईनं लावला. आमची कोषाध्यक्ष निवृत्त हिशेबनीस आहे. नाटक ती शेवटच्या रांगेत बसून बघते. पूर्वी आम्ही एका उन्हाळ्यात दोन नाटकं करायचो, एकाआड एक रात्री. २०२० साली साथीमुळे काहीच झालं नाही. पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना दोन नाटकांची हौस होती, भूक साठली होती. तिनं बैठकीत एक कागद ठेवला. प्रयोगानंतर बादल्या फिरवून जमणारी रक्कम, गावच्या सांस्कृतिक समितीचं अनुदान, कार्यक्रमपत्रिकेतल्या जाहिराती, एवढंच उत्पन्न. दुसरीकडे लाकूड, विमा, दोन करारी नटांचा पगार. 'दोन होणार नाहीत,' ती म्हणाली, 'आणि एक करायचं तर सगळ्यांना पैसे वेळेवर देऊन करायचं.' मोठा वाद झाला. दोन माणसं त्या वर्षी दुखावून निघून गेली, त्यांतला एक अजूनही परत आलेला नाही. मला ते आजही बोचतं, कारण तो माझा जवळचा मित्र होता. तरी तिचं बरोबर होतं, असंच मी म्हणेन. शेजारच्या गावांतल्या मंडळींना नटांचे चेक थकवताना मी पाहिलं आहे. थकलेल्या चेकनंतर नट परत येतो, पण पूर्वीसारखा येत नाही.

या बाईकडे बघताना मला जॉन हेमिंग्ज आठवतो. शेक्सपिअरच्या कंपनीतला हा नट पैशांचे व्यवहारही बघायचा. शेक्सपिअर गेल्यानंतर त्यानं आणि हेन्री कॉन्डेल यानं मित्राची नाटकं गोळा करून १६२३ साली छत्तीस नाटकांचा मोठा ग्रंथ काढला. त्यांतली निम्मी तोपर्यंत कधी छापलीच गेली नव्हती. 'मॅकबेथ', 'टेम्पेस्ट', 'ट्वेल्फ्थ नाइट', 'ज्युलियस सीझर' आणि आमचं 'ॲज यू लाइक इट'सुद्धा त्या अठरांतलं. दोन सहकाऱ्यांनी, त्यांतही एका हिशेब सांभाळणाऱ्यानं, चिकाटीनं केलेलं ते काम. जगाला शेक्सपिअर मिळाला तो असा.

माझ्या स्वतःच्या वाट्याला येणारं 'नाही' म्हणजे आभाळाचं. विजांबाबत नियम पक्का आहे. गडगडाट ऐकू आला की थांबायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं कुणालाही उघड्यावर आणायचं नाही. निर्णय एकट्या स्टेज मॅनेजरचा, दिग्दर्शिकेचाही नाही. हे तिनंच ठरवून ठेवलं, कारण रंगलेल्या प्रयोगात आपल्याला थांबवत नाही हे तिला ठाऊक होतं. 'टेम्पेस्ट'च्या एका प्रयोगात पहिलंच दृश्य चाललं होतं. जहाज बुडतंय, आमचा पोरगा पत्रा हलवून गडगडाट काढतोय, नट ओरडताहेत, आणि मला पत्र्यामागून दुसरा आवाज आला, डोंगरापलीकडून. आकाश वर मोकळं होतं. मी माइक उचलला आणि प्रयोग थांबवला. प्रेक्षकांना वाटलं हा नाटकाचाच भाग. दुसऱ्यांदा सांगावं लागलं. लोक गाड्यांत जाऊन बसले. प्रॉस्पेरो करणारा नट माझ्या अंगावर आला, 'एक ढग नाही वर!' दहा मिनिटांत कुंपणालगतच्या शेतात वीज उतरली. त्या रात्री पुढे प्रयोग झाला नाही. तो नट दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी आला आणि ओला रंगमंच कोरडा करायला लागला. आम्ही त्या विषयावर बोललो नाही, एकाच पोत्यानं फळ्या पुसत राहिलो.

उघड्यावरच्या नाटकात उजेडही रोज नवा असतो. जुलैच्या मध्यात सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, ऑगस्टच्या मध्यात आठच्या आत. त्यामुळे जो प्रवेश पहिल्या आठवड्यात लख्ख उजेडात होतो, तोच शेवटच्या आठवड्यात दिव्यांत होतो. नटांचे चेहरे वेगळे दिसतात, वाक्यं हळू पडतात. मी पुस्तकात दर आठवड्याला खुणा बदलते. निळ्या दिव्याच्या उजेडात, बारीक अक्षरात, एका हातानं डास वारत.

तेच आता मला नीट दिसत नाही. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आहे, पण शस्त्रक्रिया शरद ऋतूच्या आधी होत नाही. या उन्हाळ्यात 'ट्वेल्फ्थ नाइट' आहे. मार्चमध्येच दिग्दर्शिकेला फोन करून मी सांगितलं की तालमी मी घेईन, प्रयोगांचं पुस्तक धरणार नाही. तिनं विचारलं, 'मग कोण?' मी एका मुलीचं नाव घेतलं. ती शाळेत असल्यापासून आमच्याकडे प्रॉपर्टीचं टेबल लावते आणि टेबलावरच्या प्रत्येक वस्तूभोवती खडूनं चौकट आखून आत नाव लिहिते. तिनं लगेच हो म्हटलं नाही. दोन आठवडे मागून घेतले, गेल्या वर्षीचं पुस्तक घरी नेलं, मग उत्तर दिलं. करीन, विजांचा निर्णयही घेईन, फक्त दुसऱ्या शनिवारी बहिणीचं लग्न आहे, त्या दिवशी येणार नाही. मी ते वहीत लिहून घेतलं. त्या शनिवारचं पुस्तक मी धरीन, त्यासाठी तेवढी एक प्रत मोठ्या अक्षरात छापून घ्यायची आहे.